भिगवणची शनिवार-रविवारची पक्षीफेरी: आठ जणांनी कशी आखावी

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातले आठ मित्र-मैत्रिणी, त्यांतल्या दोघांनाच पक्ष्यांची थोडीफार ओळख, सगळ्यांत मिळून दुर्बिणी दोन. फेब्रुवारी-मार्चमधल्या एका शनिवार-रविवारी भिगवणला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला जायचंय. कधी जावं, काय न्यावं, बोटीत किती जणांनी बसावं आणि एवढं लांब जाऊन हात हलवत परत येऊ नये म्हणून काय करावं?

आधी तारखेचं बघू. बहुतेक जण सुट्टी बघून तारीख ठरवतात. भिगवणची तारीख मात्र उजनी धरणाच्या पाण्यावर ठरते. धरणाची भिंत सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव हा पट्टा जलाशयाच्या वरच्या अंगाला, शेपटाकडे येतो. इथं पाणी उथळ आणि तळाला भीमेनं वर्षानुवर्षं आणून टाकलेला गाळ. त्यामुळे पातळी उतरू लागली की गाळाचे पट्टे आधी इथं उघडे पडतात. रोहित चरतो तो या गाळाच्या कडेला, जेमतेम पाय बुडतील एवढ्या पाण्यात. मान खाली घालून, चोच उलटी धरून, जिभेनं पाणी आत-बाहेर करत बारीक जीव आणि शेवाळ गाळून घेत तो तासन् तास चरतो. धरण तुडुंब असेल तर पाणी काठच्या बाभळींच्या बुंध्याला लागलेलं असतं आणि रोहिताला उभं राहायलाच जागा नसते. पाऊस चांगला झालेल्या वर्षी जानेवारीत जाऊन लोक निराश होतात ते यामुळे. त्या वर्षी फेरी महिनाभर पुढे ढकलावी.

वर्तमानपत्रात 'उजनी अमुक टक्के' असं छापून येतं, ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे या टक्केवारीत न धरलेलं तळाचं पाणी. म्हणजे उजनी शून्य टक्क्यांवर आली तरी निम्म्याहून जास्त पाणी शिल्लक असतं, आणि उन्हाळ्यात ती 'वजा'मध्ये जाते तेव्हाही पक्षी संपलेले नसतात. पाण्याची कड फक्त आत सरकलेली असते. मग बोटीचा धक्का बदलतो आणि गाडीपासून बोटीपर्यंतची पायपीट वाढते.

जायच्या तीन-चार दिवस आधी कुंभारगावातल्या बोटवाल्याला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: गाळ उघडा पडलाय का, आणि रोहित सध्या कुठल्या अंगाला आहेत? नुसतं 'पक्षी आहेत का' असं विचारलं तर 'आहेत की, या' हेच उत्तर मिळणार. तिथले बरेच बोटवाले मूळचे मासेमार आहेत. कुठल्या बाजूला किती पाणी आहे हे ते रोज वल्हं टाकून बघतात, त्यामुळे नेमकं विचारलं की नेमकं सांगतात.

महिन्यांचा ढोबळ हिशेब असा धरा. नोव्हेंबरात बदकं यायला लागतात, पण पाणी भरपूर असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे बदककुळातले पाहुणे जोरात असतात. मार्चमध्ये यांतले बरेच उत्तरेकडे निघतात; पट्टकादंबांना तर हिमालय ओलांडून तिबेट-लडाखकडे जायचं असतं. रोहितांसाठी फेब्रुवारी-मार्च उत्तम. एप्रिलमध्येही ते दिसतात, पण सकाळी नऊनंतर ऊन सोसवत नाही. दोन्हींचा मेळ घालायचा तर फेब्रुवारीचा मधला शनिवार-रविवार धरा. मे महिन्यात बोटीचा बेत करू नका. वळवाचा वारा अचानक सुटतो आणि हे पाणी तेव्हा तळ्यासारखं राहत नाही. २१ मे २०२४ ला याच जलाशयात कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. कुठल्याही महिन्यात लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवू नका, आणि ते नुसतं मांडीवर न घेता बकला लावून घाला.

आता माणसांचं. आठ जण एका बोटीत मावतात, पण बसवू नका. दोन बोटी करा, चार-चार जणांच्या. एका बोटीत आठ जण असले की कुणीतरी सतत उठतं, बोट कलते, दुर्बिणीतलं चित्र हलतं आणि चार जणांना पुढच्यांच्या पाठीच दिसतात. ओळख असलेले दोघं दोन बोटींत वाटून बसवा आणि प्रत्येक बोटीत एक दुर्बीण ठेवा. भाडं आणि वेळ आदल्या दिवशीच ठरवून घ्या. सकाळी अंधारात धक्क्यावर घासाघीस करण्यात सूर्योदय निघून जातो.

निघतानाच बोटवाल्याला एक वाक्य सांगायचं: 'दादा, आम्हाला पक्षी उडवायचे नाहीत, लांबूनच दाखवा.' या एका वाक्यानं सगळी फेरी बदलते. बोटी जवळ जातात त्या बऱ्याचदा गिऱ्हाइकाला उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा असतो म्हणून. बोटवाल्याला वाटतं, उडवले नाहीत तर हे नाराज होतील. तुम्ही आधीच मोकळेपणानं सांगितलं की तो सुटतो आणि खरं कसब दाखवतो: इंजिन लांबवरच बंद करणं, बांबूनं तळ रेटत बोट सरकवणं, थव्यावर सरळ चाल न करता तिरकं जाणं, मध्येच थांबून पक्ष्यांना सवय होऊ देणं.

किती जवळ जायचं हे मीटरमध्ये मोजत बसू नका, पक्ष्यांकडे बघा. निवांत थव्यात बहुतेक माना पाण्यात असतात. बोट खुपायला लागली की आधी कडेच्या पाच-दहा माना वर येतात. मग चरणं थांबतं आणि सगळा थवा एकाच दिशेनं, मान ताठ करून, चालायला लागतो. त्यापुढची पायरी म्हणजे उडणं. कडेच्या माना वर आल्या की तिथंच थांबा. दोन-तीन मिनिटांत त्या परत खाली गेल्या तर तुम्ही योग्य अंतरावर आहात. चालणं सुरू झालं तर बोट मागे घ्या. रोहित जड पक्षी आहे, पाण्यावर धावत पल्ला घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही. रविवारी सकाळी दहा बोटींनी एकेकदा उडवलं तर त्याचं सकाळचं चरणं संपलंच. दोन्ही बोटी थव्याच्या दोन बाजूंना नेऊ नका. त्याला वेढा पडल्यासारखं होतं आणि तो हमखास उठतो. दोन्ही बोटी एकाच अंगाला, थोडं अंतर राखून उभ्या करा.

कुठं कुठं कुरवांना, म्हणजे सीगलांना, बोटीभोवती गोळा करण्यासाठी शेव-फरसाण टाकलं जातं. तळलेलं, खारट खाणं त्या पक्ष्यांचं अन्न नाही. आपल्या बोटीत ते होऊ देऊ नका. ड्रोन घरीच ठेवा.

दुर्बीण घेताना ८×४२ घ्या. आठपट मोठं दिसतं आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. ४२ ला ८ नं भागलं की साधारण सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा उजेडाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो आणि पहाटेच्या अंधुक उजेडात तो पुरेसा पडतो. खिशात मावणारी १०×२५ घेतली तर हाच आकडा अडीचवर येतो आणि सूर्य वर येईपर्यंत सगळं काळपट दिसतं. दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण काठावर चालते, पण हलत्या बोटीत हाताचा कंपही दहापट दिसतो. जत्रेत मिळणाऱ्या लाल चकाकीच्या भिंगांच्या दुर्बिणींवर पैसे घालवू नका.

दोन दुर्बिणी आठ जणांत फिरणार असतील तर ती लावायची कशी हे सगळ्यांना आदल्या संध्याकाळीच शिकवा. नव्या माणसाला 'काही दिसत नाही' ते बहुतेक वेळा याच कारणानं. आधी दोन नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. मग उजवं भिंग हातानं झाकून, मधलं चाक फिरवत डाव्या डोळ्यानं लांबचा एखादा फलक स्पष्ट करायचा. मग डावं झाकून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तोच फलक स्पष्ट करायचा. त्यानंतर फक्त मधलं चाक वापरायचं. उजव्या कडीची जागा प्रत्येकाची वेगळी असते. आपापल्या जागी रंगीत चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवा, म्हणजे दुर्बीण हातात आली की दोन सेकंदांत तयार. चष्मेवाल्यांनी डोळ्यांजवळचे रबरी कप आत दाबून घ्यायचे, बाकीच्यांनी बाहेर ओढायचे. हे केलं नाही तर चष्मेवाल्याला दुर्बिणीतून नाण्याएवढंच चित्र दिसतं आणि त्याला वाटतं, आपल्याला जमतच नाही.

पक्षी दाखवण्याची भाषाही ठरवून घ्या. 'तो बघ, तिकडे!' याचा बोटीत काही उपयोग नाही. हात वर झाला की पक्षी मात्र जातो. बोटीचं नाक म्हणजे बारा वाजले असं धरा. 'दोनच्या दिशेला, वाळलेल्या बाभळीच्या डावीकडे, पाण्याच्या कडेला, एकटा' असं हळू आवाजात सांगितलं की सगळे तिथं पोचतात. नव्या माणसानं आधी नुसत्या डोळ्यांनी पक्षी धरायचा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावायची. दुर्बीण लावून मग शोधायला गेलं की फक्त पाणीच दिसतं.

ओळखण्याचं म्हणाल तर नव्या माणसावर शंभर नावं लादू नका. दहा-बारा मोठे आणि पटकन कळणारे पक्षी पक्के करा. रोहित इथं असतो तो मोठा रोहित: पांढरट-गुलाबी अंग, फिकट गुलाबी चोच, टोक काळं. पंखांतला गडद गुलाबी-लाल रंग आणि काळी कड उडताना किंवा पंख ताणतानाच दिसते. थव्यात मातकट-करडे रोहित दिसले तर ती वेगळी जात समजू नका, ती पिल्लं असतात आणि त्यांना रंग चढायला काही वर्षं लागतात. मुंबईच्या ठाणे खाडीत मोठ्या संख्येनं दिसणाऱ्या छोट्या रोहिताची चोच बरीच गडद असते.

चित्रबलाक ओळखायला सोपा: पिवळी चोच, नारिंगी तोंड आणि शेपटाजवळ गुलाल उडाल्यासारखी पिसं. शराटी तीन: डोकं-मान काळी आणि अंग पांढरं तो पांढरा शराटी; अंग काळं आणि डोक्यावर लाल टोपी तो काळा शराटी; लांबून काळपट पण ऊन पडलं की हिरवा-तपकिरी चमकतो तो मोर शराटी. उघड्या चोचीच्या करकोच्याच्या चोचीच्या दोन भागांमधली फट दुर्बिणीतून चक्क आरपार दिसते. गोगलगायी हे त्याचं मुख्य खाणं. चमच्या पाण्यात डोकं डावी-उजवीकडे फिरवत चालतो. चोचीचं टोक दिसलं नाही तरी ती चाल पुरते. वारकरी, म्हणजे चांदवा: काळा पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. लांबलचक गुलाबी पायांचा शेकाट्या तर लहान मूलही एकदा बघून विसरत नाही. पट्टकादंबाच्या पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या आडव्या पट्ट्या असतात. हे पक्षी पाणी उतरल्यावर काठच्या गाळपेर जमिनीत केलेल्या हरभऱ्या-गव्हात चरतात, म्हणून त्यांना बोटीपेक्षा काठावरूनच बघावं. शेतात मात्र पाऊल टाकायचं नाही, बांधावर थांबायचं. ते कुणाचं तरी पीक आहे आणि पक्षी आधीच त्यातलं थोडं खातायत.

फसगत होते ती तीन ठिकाणी. पहिली कुरवांची: तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं हिवाळ्यात तपकिरी नसतंच. ते पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका. मार्चकडे डोकं रंगायला लागतं. पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके शोधा, ते पुष्कळ कामाचे. दुसरी पांढऱ्या बगळ्यांची: छोट्या बगळ्याची चोच काळी आणि पंजे पिवळे असतात, पण तो चिखलात उभा असला की पंजे दिसत नाहीत, म्हणून तो पाय उचलेपर्यंत थांबायचं. तिसरी फसगत चिखलावरच्या चिमुकल्या पक्ष्यांची: टिलवे, तुतारी, चिखले. शेपूट सतत वर-खाली करत पळतो तो तुतारी, एवढं पहिल्या फेरीत कळलं तरी पुष्कळ झालं. बाकीचे 'छोटे चिखलपक्षी' म्हणून सोडून द्या. नाव चुकीचं लावण्यापेक्षा न लावलेलं बरं.

आणि एक खूण: पाण्यावरची सगळी बदकं एकदम उठली तर थव्याकडे बघू नका, वर बघा. दलदली भोवत्या किंवा बहिरी ससाणा फिरत असतो. सगळे फोटो काढणारे खाली बघत असतात आणि शिकारी डोक्यावरून निघून जातो.

वेळापत्रक मी असं सुचवेन. शनिवारी पहाटे तीनला उठून धावत जाऊ नका. पुण्याहून हडपसर, यवत, पाटस, भिगवण असं सुमारे १०० किलोमीटर आहे, अडीच तास धरा. गाळप हंगामात या रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात आणि त्यांना मागे दिवा किंवा लाल परावर्तक असेलच असं नाही. अंधारात, डोळ्यांवर झोप असताना, भरल्या गाडीनं या रस्त्यावर वेग घेऊ नये. शनिवारी सकाळी उजेडात आरामात निघा, दुपारी जेवायला पोचा. कुंभारगावला भिगवण ओलांडून इंदापूरच्या दिशेनं जाऊन डावीकडे वळायचं, जलाशय त्या अंगाला आहे. गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय होते. चिलापी फ्राय, मरळ, भाकरी असं ताजं जेवण मिळतं, शाकाहारी असेल तर आधी सांगून ठेवा.

शनिवारची संध्याकाळ पाण्यावर घालवू नका, माळावर घालवा. इंदापूर तालुक्यातच कडबनवाडीचं गवताळ रान आहे. तिथं वनविभागाची तृणभूमी सफारी चालते. नोंदणी आधी ऑनलाइन करायची, सोबत स्थानिक गाइड असतो. दुपारनंतरची फेरी घ्या. चिंकारा हरणं आणि नीळकंठ, धाविक, चंडोल, डोंबारी, खाटीक, पखुर्डी हे पक्षी दिसण्याची शक्यता असते. हिवाळ्यात भोवत्या गवतावर अगदी खालून, पंख उथळ व्ही-आकारात धरून तरंगत जातात, आणि संध्याकाळी गवतातच रात्रीच्या मुक्कामाला उतरतात. त्या वेळी गवतात शिरायचं नाही आणि गाडीतून उतरायचं नाही. पक्षी गाडीला जेवढा बुजतो त्यापेक्षा उभ्या माणसाला कितीतरी जास्त बुजतो; खिडकीची काच खाली करून, इंजिन बंद करून बसलात तर धाविक अगदी जवळून पळत जाईल. तपकिरी मादी-भोवत्यांच्या जाती नवख्यानं वेगळ्या करायच्या भरीस पडू नये. या रानाला बरेच जण 'पडीक' म्हणतात आणि झाडं लावायला निघतात. माळरान उघडं असतं म्हणूनच धाविक आणि चंडोल तिथं असतात. झाडं वाढली की त्यांना जमिनीवर घरटं करायला जागा उरत नाही. मित्रांना ही गोष्ट माळावरच सांगा, तिथं ती पटते.

रविवारी बोट सूर्योदयापूर्वी पाण्यात हवी. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून साडेसहाला धक्क्यावर. पाणी शांत, उजेड मऊ, पक्षी चरत असतात. साडेनऊनंतर तापलेल्या हवेचा थरथराट सुरू होतो. लांबचा पक्षी दुर्बिणीत पाण्याखाली असल्यासारखा हलतो आणि कितीही महागडं भिंग असलं तरी फोटो धूसरच येतो. कॅमेऱ्याचा दोष नाही, हवेचा आहे. तेव्हा बोट परत आणा आणि पोह्यांवर बसा. सोमवारी रजा टाकता येत असेल तर रविवार-सोमवार करा. सोमवारी सकाळी पाण्यावर तुमच्या दोनच बोटी असू शकतात आणि तो फरक पक्ष्यांच्या वागण्यातच दिसतो.

फोटोसाठी सकाळी बोट पक्ष्यांच्या पूर्वेला राहील असं सांगा, म्हणजे सूर्य तुमच्या पाठीशी येतो. बोटीत तिपाई लावू नका; इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात चढते आणि कुणीतरी अडखळतं. जाड कापडाच्या पिशवीत दीडेक किलो तांदूळ भरून तोंड शिवा, ती बोटीच्या कडेवर ठेवून तिच्यावर भिंग टेकवा. उडत्या पक्ष्याला शटर १/१६०० सेकंदापेक्षा हळू नको. पांढरे पक्षी काळपट पाण्यावर असले की कॅमेरा फसतो आणि पिसं जळून नुसता पांढरा डाग येतो. एक्स्पोजर अर्ध्या स्टॉपनं खाली आणा. मोबाइलवाल्यांनी थव्याच्या मागे न धावता धुकं, बोट आणि बाभळी यांचे फोटो काढावेत, ते छान येतात.

अंगावर मातकट, हिरवट कपडे. पांढरा किंवा लाल शर्ट बोटीत प्रत्येक हालचालीला चमकतो. पहाटे गारठा असतो, नऊला जर्किन काढावं लागतं, म्हणून एकावर एक घाला. टोपी, माणशी दोन लिटर पाणी, मोबाइलला झिपची पिशवी. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं, म्हणून बोटीत पाण्यात हात घालून तेच हात खाण्याला लावू नका. साबण जवळ ठेवा. त्याच सांडपाण्यानं इथं शेवाळ माजतं हे खरं आहे, पण म्हणून ते पाणी चांगलं ठरत नाही.

गाळावर चालायचा मोह आवरा, इथं माणसं रुततात. पांढरट पडलेला, कडा वर वळलेल्या फरशांसारखा तडकलेला गाळ बहुतेक वेळा वजन पेलतो. काळसर, ओलसर चकाकणारा गाळ पेलत नाही, वरून कोरडा वाटला तरी खाली मांडीभर मऊ असतो. काठी रोवून बघा. विनासायास हातभर आत गेली तर मागे फिरा. कुणी रुतलंच तर ओढाओढ करू नका. त्यानं मागे रेलून बसावं, म्हणजे वजन पसरतं, आणि पाय एकेक करून, घोटा हलवत, हवा शिरू देत काढावा. बूट राहिला तर राहू द्या.

गावाकाठी सोडून दिलेल्या जाळ्यांचे तुकडे दिसतात. त्यात पक्षी अडकलेला दिसला तर स्वतः धरायला जाऊ नका. बगळा किंवा पाणकावळा चोच थेट डोळ्यावर मारतो. बोटवाल्याला दाखवा, वनविभागाला कळवा. रिकामं जाळं हाताशी असेल तर गुंडाळून बोटीत घ्या.

शेवटचं काम मोजणीचं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी करायची असेल तर बोटीची फेरी वेगळी, काठावरची वेगळी आणि माळाची वेगळी ठेवा, प्रत्येकीला वेळ आणि अंतर लिहा. थवा मोजताना एकेक पक्षी मोजायला गेलात तर पन्नासाच्या पुढे गोंधळ होतो. कडेचे दहा मोजा आणि दुर्बिणीत दहा केवढे दिसतात ते डोळ्यांत साठवा. मग तसे पाच गठ्ठे, म्हणजे पन्नास, केवढी जागा घेतात ते बघा आणि त्या मापानं सगळ्या थव्यावरून नजर फिरवा. दोघांनी वेगवेगळं मोजा, आकडा आधी मोठ्यानं सांगू नका, नाहीतर दुसऱ्याचाही तोच येतो. दोन्हींत फार फरक असला तर परत मोजा, थोडा असला तर मधला लिहा. 'खूप' असं लिहिण्यापेक्षा '३५०, अंदाजे' हे कितीतरी उपयोगाचं. मधल्या फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही जगभरची पक्षीगणना असते, त्यात तुमची तारीख बसली तर या याद्या तिथंही धरल्या जातात. यादी घरी जाऊन करू म्हटलं की राहते. परतताना गाडी चालवत नसलेल्यांनी पाटसचा टोल येण्याआधी ती पुरी करून टाकावी, तोपर्यंत कोणता शराटी कुठं होता हे सगळ्यांना आठवत असतं.